जुन्या लॅपटॉपवरील अनधिकृत संचालन प्रणाली

लॅपटॉपच्या उत्पादकाने किंवा संचालन प्रणालीच्या निर्मात्याने ज्या यंत्रासाठी पाठबळ म्हणजेच सपोर्ट जाहीर केलेला नाही, अशा यंत्रावर वापरकर्त्याने स्वतःच्या जबाबदारीवर स्थापित केलेल्या संचालन प्रणालीस (ऑपरेटिंग सिस्टिमला) अनधिकृत संचालन प्रणाली असे म्हणतात. किमान अटी पूर्ण न करणाऱ्या लॅपटॉपवर विंडोज ११, ॲपलने यादीतून वगळलेल्या मॅकबुकवर मॅकओएसची नवी आवृत्ती, प्रमाणित नसलेल्या यंत्रावर क्रोमओएस फ्लेक्स किंवा मूळ विंडोजच्या जागी लिनक्स ही याची प्रमुख उदाहरणे आहेत. अशा स्थापनेत उद्भवणारे बहुतेक दोष ठरावीक टप्प्यांवर येतात. यंत्र कोणत्या टप्प्यावर अडले हे ओळखणे, हा दोषनिवारणाचा पाया मानला जातो.

व्याप्ती

'अनधिकृत' हा शब्द येथे 'बेकायदेशीर' या अर्थाने वापरला जात नाही. परवाना वैध असूनही स्थापना अनधिकृत असू शकते. उदाहरणार्थ, खरेदी केलेल्या विंडोज परवान्यावर अटींत न बसणाऱ्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालवणे. याउलट, सर्व अटी पूर्ण करणाऱ्या नव्या यंत्रावरही कुलूप तोडलेली प्रत वापरल्यास तो परवान्याचा भंग ठरतो. लिनक्सच्या बाबतीत परवान्याचा प्रश्न सहसा येत नाही. मात्र लॅपटॉपच्या उत्पादकाने त्या प्रणालीसाठी ड्रायव्हर दिलेले नसल्यास दोषाची जबाबदारी कोणीही घेत नाही.

पार्श्वभूमी

संचालन प्रणालीचे आयुष्य व यंत्राचे आयुष्य सारखे नसते. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांसाठी विस्तारित सुरक्षा अद्यतनांची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवण्यात आली. पाठबळ संपल्यावर यंत्र बंद पडत नाही. परंतु नव्याने सापडणाऱ्या सुरक्षा त्रुटी बुजवल्या जात नाहीत आणि काही काळाने ब्राउझर व इतर प्रोग्रामही त्या प्रणालीस वगळतात.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रसिद्ध झालेल्या विंडोज ११ ने ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूट करू शकणारे यूईएफआय फर्मवेअर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप अशा अटी घातल्या. प्रोसेसर मान्य यादीतील असणेही आवश्यक ठरले. इंटेलच्या बाबतीत ही यादी काही अपवाद वगळता आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ नंतरच्या प्रोसेसरांपासून सुरू होते. त्यामुळे सुस्थितीतील असंख्य लॅपटॉप अटींबाहेर राहिले. ज्या घरात मुलांचा अभ्यास, अर्ज भरणे व कार्यालयीन काम एकाच जुन्या लॅपटॉपवर चालते, तेथे नवा लॅपटॉप घेणे, असुरक्षित प्रणाली वापरत राहणे किंवा अनधिकृत स्थापना करणे असे पर्याय उरतात.

रायगड जिल्ह्यातील एक्सओ लॅपटॉप

मर्यादित क्षमतेच्या लॅपटॉपवर वेगळी संचालन प्रणाली वापरण्याचे एक आरंभीचे उदाहरण रायगड जिल्ह्यातच आढळते. 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा भारतातील पहिला प्रायोगिक प्रकल्प २००७ साली कर्जत तालुक्यातील खैरात येथील प्राथमिक शाळेत सुरू झाला. तेथे वापरलेल्या एक्सओ-१ या लॅपटॉपमध्ये ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडी जिओड प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी व १ जीबी फ्लॅश साठवण होती. फेडोरा लिनक्सवर आधारलेली प्रणाली व मुलांसाठी रचलेला 'शुगर' हा दर्शनी भाग त्यावर चालत असे.

एक्सओ-१ वर पुढे डेबियनसारख्या इतर लिनक्स प्रणाली बसवण्याचे प्रयत्न झाले. २००८ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची त्यासाठी जुळवलेली आवृत्तीही जाहीर केली. या प्रयत्नांत आलेल्या अडचणी आजच्या जुन्या लॅपटॉपवरील अडचणींशी मिळत्याजुळत्या आहेत. सुरक्षा कुलूप चालू असलेल्या एक्सओवर स्वाक्षरी नसलेली प्रणाली सुरू होत नसे व त्यासाठी 'डेव्हलपर की' मिळवावी लागे. आज हेच काम सिक्युअर बूट करते. घड्याळाची बॅटरी निकामी झाल्यास कुलूपबंद एक्सओ तारीख अवैध असल्याचा संदेश देऊन थांबत असे. शिवाय जिओड प्रोसेसरमध्ये काही आज्ञा नसल्याने नव्या प्रणाली हळूहळू त्यास वगळत गेल्या. डेबियनने २०२३ सालच्या बाराव्या आवृत्तीत जिओडसारख्या प्रोसेसरांचे पाठबळ थांबवले, तर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२-बिट संगणकांसाठीचा इन्स्टॉलर देणेच बंद केले.

पूर्वतयारी

दुरुस्त न होणारे नुकसान बहुधा पूर्वतयारीच्या अभावी होते. स्थापनेपूर्वी पुढील बाबी तपासल्या जातात.

• बॅकअप : छायाचित्रे, कागदपत्रे व ब्राउझरमधील पासवर्ड वेगळ्या डिस्कवर ठेवले जातात. त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागात ठेवलेली प्रत बॅकअप ठरत नाही, कारण विभाजन चुकल्यास किंवा डिस्क बिघडल्यास दोन्ही प्रती एकदम जातात.

• बिटलॉकर की : डिस्क कूटबद्ध असल्यास टीपीएम किंवा सिक्युअर बूटच्या सेटिंगमध्ये बदल करताच विंडोज ४८ अंकी पुनर्प्राप्ती की मागते. ती नसल्यास माहिती परत मिळवता येत नाही. काही लॅपटॉपवर कूटबद्धीकरण आपोआप चालू झालेले असते. त्यामुळे 'मी ते चालू केलेच नव्हते' एवढ्यावर विसंबणे धोक्याचे असते.

• डिस्कचे आरोग्य : हार्ड डिस्कची 'स्मार्ट' माहिती तपासल्यावर खराब सेक्टरांची संख्या कळते. ही संख्या वाढत असेल तर नवी प्रणाली बसवून उपयोग होत नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यास वेगात पडणारा फरक बऱ्याचदा प्रणाली बदलण्याहून अधिक असतो.

• प्रोसेसर : तो ६४-बिट आहे का व त्यात आवश्यक आज्ञा आहेत का, हे पाहिले जाते.

टप्पानिहाय दोष

स्थापना माध्यम

यंत्र पेनड्राइव्ह ओळखतच नसेल किंवा फाइल वाचता येत नसल्याचा संदेश मध्येच येत असेल, तर दोष बहुधा माध्यमात असतो. आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर केवळ कॉपी केल्याने ती आरंभक्षम होत नाही. रूफस किंवा बलेना एचरसारख्या साधनाने लिहावी लागते. उतरवलेली फाइल पूर्ण व अस्सल आहे का, हे एसएचए-२५६ ठसा जुळवून कळते. फॅट३२ रचनेत एक फाइल ४ जीबीहून मोठी असू शकत नाही आणि विंडोजची मुख्य स्थापना फाइल अनेकदा ही मर्यादा ओलांडते. खोट्या क्षमतेच्या पेनड्राइव्हवर लेखन यशस्वी दिसते, पण वाचताना चुका येतात. विंडोज ७ च्या इन्स्टॉलरमध्ये यूएसबी ३.० चे ड्रायव्हर नसल्याने तो निळ्या पोर्टमध्ये लावलेला पेनड्राइव्ह अर्ध्यावर गमावतो. पोर्ट बदलणे हा त्यावरील पहिला उपाय आहे.

फर्मवेअर व आरंभ

साधारणपणे २०११–१२ पूर्वीचे लॅपटॉप बायोस पद्धतीने व नंतरचे यूईएफआय पद्धतीने सुरू होतात. मधल्या काळातील अनेक यंत्रांत दोन्ही पद्धती असतात. बायोस सहसा एमबीआर प्रकारच्या विभाजनाची व यूईएफआय जीपीटीची अपेक्षा ठेवते. एका पद्धतीने प्रणाली बसवून नंतर फर्मवेअरमध्ये दुसरी पद्धत निवडल्यास आरंभक्षम डिस्क नसल्याचा संदेश येतो. वास्तविक अशा वेळी डिस्कवरील माहिती शाबूत असते. घाईने पुन्हा फॉरमॅट केल्यामुळे ती नष्ट झाल्याची उदाहरणे वारंवार घडतात. आधीची पद्धत पुन्हा निवडून पाहणे, हा निरुपद्रवी उपाय प्रथम करावयाचा असतो. विंडोज १० च्या २०१७ मधील आवृत्तीपासून एमबीआरचे जीपीटीत रूपांतर माहिती न पुसता करणारे साधन प्रणालीसोबतच मिळते. तरीही बॅकअपची गरज कायम राहते.

स्वाक्षरी नसलेली प्रणाली सिक्युअर बूट अडवते. उबुंटू, फेडोरा व डेबियन यांच्याकडे मान्य स्वाक्षरी असल्याने त्यांना सहसा अडथळा येत नाही. काही जुन्या ॲटम प्रोसेसरच्या यंत्रांत व आरंभीच्या इंटेल मॅकमध्ये प्रोसेसर ६४-बिट, पण यूईएफआय ३२-बिट असते. त्यांना तशी आरंभ-फाइल असलेले माध्यम लागते. बूट मेनूची कळ उत्पादकानुसार बदलते : डेल व लेनोव्हो थिंकपॅडवर एफ१२, तर एचपीवर बहुधा एफ९.

साठवण यंत्र

इन्स्टॉलर सुरू होऊन त्यास डिस्कच दिसत नसेल, तर फर्मवेअरमधील साटा नियंत्रकाची पद्धत तपासली जाते. रेड किंवा इंटेल आरएसटी पद्धत निवडलेली असल्यास अनेक लिनक्स इन्स्टॉलरना डिस्क दिसत नाही. एएचसीआय निवडल्यावर ती दिसते. मात्र आधीपासून बसवलेल्या विंडोजची तयारी न करता हा बदल केल्यास निळा पडदा येऊन ती प्रणाली सुरू होणे थांबते. पद्धत पूर्ववत केल्यास ती सहसा पुन्हा सुरू होते.

ड्रायव्हर

स्थापना पूर्ण होऊन वायफाय, ध्वनी, चित्र किंवा निद्रावस्था चालत नसेल, तर दोष ड्रायव्हरचा असतो. वायफाय नसल्याने ड्रायव्हर उतरवता येत नाही व ड्रायव्हर नसल्याने वायफाय चालत नाही, असा पेच निर्माण होतो. मोबाइल फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरणे हा त्यावरील सर्वांत सोपा मार्ग आहे. लिनक्समध्ये ब्रॉडकॉम चिपच्या वायफायला अनेकदा वेगळे, मुक्त नसलेले फर्मवेअर लागते; डेबियनने असे फर्मवेअर बाराव्या आवृत्तीपासून आपल्या अधिकृत माध्यमात समाविष्ट केले. आरंभानंतर पडदा काळा राहिल्यास 'नोमोडसेट' हा पर्याय देऊन साध्या चित्रपद्धतीने प्रणाली सुरू केली जाते व मग योग्य ड्रायव्हर बसवला जातो. अनेक लिनक्स प्रणाली स्थापनेपूर्वी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतात. वायफाय, ध्वनी व पडदा त्या वेळीच तपासल्यास पुढील निराशा टळते.

घड्याळ व मेमरी

बरीच वर्षे न वापरलेल्या लॅपटॉपमधील घड्याळाची बॅटरी संपल्यास दर आरंभी तारीख मागे जाते. तारीख चुकीची असल्याने संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध दिसतात आणि अद्यतने उतरत नाहीत. बाहेरून हा इंटरनेटचा दोष वाटतो. प्रत्यक्षात बॅटरी बदलणे पुरेसे असते. वेगवेगळ्या टप्प्यांवर, दर वेळी निराळ्या चुकीने स्थापना अडत असेल, तर मेमरीचा दोष संभवतो. तो मेमटेस्ट८६+ सारख्या साधनाने तपासला जातो.

प्रणालीनिहाय विशेष

विंडोज ११ : अटींची तपासणी वगळण्यासाठी रजिस्ट्रीत नोंदी घालणे किंवा रूफसने तसे माध्यम तयार करणे या दोन पद्धती प्रचलित आहेत. अटी न पाळणाऱ्या यंत्रास अद्यतने मिळण्याचा हक्क नाही, असे मायक्रोसॉफ्टने नमूद केले आहे. मासिक सुरक्षा अद्यतने व्यवहारात सहसा येतात. वार्षिक आवृत्ती मात्र आपोआप येत नाही व ती दर वेळी हाताने बसवावी लागते. टीपीएमची अट वगळता येते, प्रोसेसरमध्ये नसलेल्या आज्ञा मात्र निर्माण करता येत नाहीत. २०२४ सालच्या २४एच२ आवृत्तीस एसएसई४.२ व पॉपसीएनटी या आज्ञा अपरिहार्य असल्याने कोअर २ ड्युओसारख्या प्रोसेसरांवर ती कोणत्याही युक्तीने सुरू होत नाही.

मॅकओएस : ओपनकोअर लेगसी पॅचर हे मुक्त साधन बिग सर व त्यापुढील आवृत्त्या वगळलेल्या मॅकवर चालवते. प्रत्येक अद्यतनानंतर प्रणालीचा मूळ भाग बदलत असल्याने चित्र व वायफायचे पॅच पुन्हा लावावे लागतात. अद्यतनानंतर वायफाय गेले, तर प्रथम हेच तपासले जाते. २०२५ सालचे मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची मुख्य आवृत्ती असल्याचे ॲपलने जाहीर केल्याने या मार्गास मर्यादा आली आहे. ॲपलेतर लॅपटॉपवर मॅकओएस चालवणे ॲपलच्या परवान्याविरुद्ध आहे.

क्रोमओएस फ्लेक्स : गूगलने ही प्रणाली जुलै २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली केली. तिला ६४-बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर, ४ जीबी मेमरी व १६ जीबी साठवण लागते. स्थापना करताना संपूर्ण डिस्क पुसली जाते, तसेच अँड्रॉइड ॲप चालत नाहीत.

लिनक्स : २ ते ४ जीबी मेमरीच्या यंत्रांसाठी एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारख्या हलक्या दर्शनी भागाच्या आवृत्त्या निवडल्या जातात. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही डेबियनवर आधारित भारतीय प्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांत वापरता येते. लिनक्स ही पाठबळ असलेली प्रणाली असल्याने जुन्या यंत्रास सुरक्षा अद्यतने नियमित मिळत राहतात. हा तिचा अटी वगळलेल्या विंडोजहून वेगळा ठरणारा मुख्य लाभ आहे.

मराठी मजकुराचे प्रश्न

प्रणाली बदलल्यावर जुने मराठी दस्तऐवज अर्थहीन रोमन अक्षरांत दिसू लागणे, ही महाराष्ट्रातील वापरकर्त्यांना भेडसावणारी अडचण आहे. शिवाजी, कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेल्या असतात. तो फॉन्ट नव्या प्रणालीत नसल्यास मूळ रोमन अक्षरे उघडी पडतात. फाइल बिघडलेली नसते. फॉन्ट पुन्हा बसवल्यावर मजकूर दिसतो. युनिकोडमध्ये रूपांतर केल्यास हा प्रश्न कायमचा सुटतो. म्हणून बॅकअप घेताना फॉन्टच्या फाइलीही घेतल्या जातात.

६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्राम चालत नाहीत. त्यामुळे डॉस किंवा आरंभीच्या विंडोजच्या काळातील मराठी टंकलेखनाचे व हिशेबाचे प्रोग्राम नव्या प्रणालीत निरुपयोगी ठरतात. लिनक्समध्ये मराठी लेखनासाठी आयबस या साधनातून इन्स्क्रिप्ट कळफलक निवडता येतो. लोहित व नोटो हे मुक्त देवनागरी फॉन्ट बहुतेक लिनक्स प्रणालींत उपलब्ध असतात.

कोकणातील परिस्थिती

रायगड जिल्ह्यात पावसाळ्यात हवा दीर्घकाळ दमट असते. रोहा, वरसे, धाटाव या परिसरात महिनोन्महिने बंद राहिलेल्या लॅपटॉपमध्ये मेमरीच्या संपर्कपट्ट्यांवर थर बसणे, पंख्यात ओलसर धूळ साचणे असे दोष संभवतात. हे दोष प्रणालीचे असल्याचा भास होतो. म्हणून दमट प्रदेशात स्थापनेपूर्वी मेमरी काढून संपर्क स्वच्छ करणे व पंखा फिरतो का ते पाहणे उपयुक्त ठरते.

जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा निकामी झालेली असते व यंत्र थेट विजेवर चालते. विभाजन किंवा फाइल लिहिताना वीज गेल्यास स्थापना अपूर्ण राहते. ती पुन्हा करता येते. फर्मवेअर अद्ययावत करताना वीज गेली, तर मात्र यंत्र कायमचे बंद पडू शकते. त्यामुळे पावसाळी दिवसांत निकामी बॅटरीवर फर्मवेअरला हात न लावणे श्रेयस्कर मानले जाते. विंडोज ११ ची फाइल ५ जीबीहून मोठी असल्याने मोबाइल डेटावर ती अनेक तुकड्यांत उतरते. अशा वेळी ठसा जुळवण्याचे महत्त्व वाढते.

कायदा व सुरक्षा

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ मधील कलम ६३-ब नुसार संगणक प्रोग्रामची प्रताधिकारभंग करणारी प्रत जाणीवपूर्वक वापरणे हा दंडनीय गुन्हा आहे. त्यासाठी ७ दिवस ते ३ वर्षे कारावास व ५०,००० ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. सक्रियतेचे कुलूप तोडणारी साधने हानिकारक प्रोग्राम पसरवण्याचे एक परिचित माध्यम आहेत. त्रयस्थांनी आकार कमी करून वाटलेल्या 'हलक्या' विंडोजमध्ये अद्यतने व विषाणुरोधक काढून टाकलेले असू शकतात. अशा प्रतीत नेमके काय बदलले आहे, हे वापरकर्त्यास तपासता येत नाही.

ज्या यंत्रास सुरक्षा अद्यतने मिळत नाहीत, त्यावर बँकेचे व्यवहार न करणे व ते मुख्यतः इंटरनेटविना वापरणे सुरक्षित असते. दोषनिवारणाचे सर्व उपाय थकल्यास हलक्या लिनक्सकडे वळणे किंवा यंत्राचे सुटे भाग उपयोगात आणणे हे पर्याय उरतात. टाकून द्यावयाच्या लॅपटॉपची विल्हेवाट १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ च्या कक्षेत येते; तो नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण व्यवस्थेकडे देण्यापूर्वी डिस्कवरील माहिती पुसली जाते.

हे सुद्धा पहा

• संचालन प्रणाली
• लिनक्स
• युनिकोड
• ई-कचरा